चौथ्या मात्रेचं तिरकिट

गाण्याच्या बैठकीत फोटो काढणारा माणूस सगळ्यात जास्त भितो ते स्वतःच्या कॅमेऱ्याच्या आवाजाला. लग्नात किंवा मिरवणुकीत कॅमेरा कितीही खटखटला तरी कुणाला पत्ता लागत नाही. पण सकाळची वेळ असते, गायिकेनं डोळे मिटून सूर लावलेला असतो, तंबोऱ्यांवर आवाज नको म्हणून पंखेसुद्धा बंद केलेले असतात, अशा वेळी माझ्या कॅमेऱ्याचा 'खट्' शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. मी या कामात नवा असताना एका बुवांनी माझ्या खटक्यासरशी गाणं थांबवलं आणि नुसतं माझ्याकडं बघितलं. आख्खा हॉल माझ्याकडं वळला. मानेवरून पाठीत उतरलेला तो घाम मला अजून आठवतो.

म्हणून मी सम शिकलो. मला गाता येत नाही, वाजवता येत नाही. पण ताल फिरून जिथून सुरू झाला तिथं परत येतो, त्या पहिल्या मात्रेवर गायक येऊन उतरला की तबल्याचा ठोका पडतो, लोक माना हलवतात, कुणी 'वाह' म्हणतं, आणि तेवढ्या गलबल्यात कॅमेऱ्याचा आवाज बुडून जातो, हे माझ्या ध्यानात आलं. मग मी मात्रा मोजायला शिकलो. बोटांच्या पेरांवर, मांडीवर, जेवताना ताटाच्या कडेवर. बायको म्हणायची, कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या मोजत नाही हा माणूस, बाकी सगळं मोजतो.

कोल्हापुरात गाण्याला येणारी माणसं जाणती आहेत आणि तोंडानं फटकळ आहेत. समेवर बटण दाबणारा फोटोग्राफर म्हणून त्यांनी मला पुढच्या रांगेच्याही पुढं, स्टेजला लागून, सतरंजीवर बसायची परवानगी दिली. मुलगा म्हणाला होता की आता बिनआवाजाचे कॅमेरे मिळतात, एक घेऊन देतो. मी नको म्हणालो. माझा जुना कॅमेरा आणि माझी सम, यावर माझा मान होता. तो मला सोडायचा नव्हता.

तो मान मला किती महाग पडला, आणि माझ्यापेक्षा दुसऱ्याच एका माणसाला किती महाग पडला, ते मला लिहायचं आहे. नावं घालणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आमच्याकडं एक ज्येष्ठ गायिका होत्या. माहेर सीमेपलीकडचं, घर व्यापाऱ्याचं, घरात बोलणं कानडी. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं. माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या. त्यांची लय इतकी पक्की होती की समेवर त्या चुकतील हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. एका कार्यक्रमानंतर त्यांनी मला घरी बोलावलं. मला वाटलं फोटो हवे असतील. मी दोन-तीन चांगले प्रिंट काढून घेऊन गेलो. त्यांनी ते बघितलेही नाहीत. सुनेला चहा ठेवायला आत पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

म्हणाल्या, "तम्मा, मला तबला ऐकू येत नाही."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. मला त्या पहिल्यांदाच तसं म्हणाल्या. डाव्या हाताच्या डग्ग्याचा घुमारा तेवढा पोटात जाणवतो, पण उजव्या हाताचे बोल कानात शिरेनासे झालेत, असं त्यांनी सांगितलं. कानाला यंत्र लावून बघितलं, तर तंबोरा पत्र्यासारखा वाजतो, त्यात गायचं कसं? तबलजीच्या हातांकडं बघून गावं म्हटलं तर मान सारखी उजवीकडं वळते. समेसाठी तबल्याकडं बघणारी बाई म्हणून उद्या गावभर होईल. आणि मग मला कारण सांगितलं, बोलावण्याचं.

"तुम्ही सम यायच्या आधी कॅमेरा डोळ्याला लावता. दर वेळी. मला समोर दिसतं. गेले तीन कार्यक्रम मी तुमच्या कॅमेऱ्यावर गातेय."

प्रिंट अजून माझ्या हातातच होते. ते मी खाली ठेवले.

त्यांचं खरं होतं. विलंबित एकतालात एका आवर्तनाला बारा मात्रा, आणि एकेक मात्रा इतकी लांब की मधे माणूस घोटभर पाणी पिऊन घेईल. दहाव्या मात्रेवर तबल्यातून 'तिरकिट' असा बोल येतो. तो आला की सम दोन मात्रांवर राहिली असं समजायचं. मी त्या तिरकिटाला कॅमेरा उचलायचो, सावकाश नीट धरायचो आणि समेवर बटण दाबायचो. माझ्या ते अंगवळणी पडलं होतं. ते कुणी बघत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"तसंच करत जा," त्या म्हणाल्या. "समोरच बसत जा. आणि हे या दाराबाहेर जायचं नाही."

मी हो म्हणालो. त्या वेळी मला आनंदच झाला होता हे कबूल करायला पाहिजे. एवढी मोठी बाई माझ्यावर विसंबून गाते! रस्त्यावर आलो, स्कूटरला किल्ली लावली आणि तेव्हा पहिल्यांदा मनात आलं. माझ्या हातून चुकलं तर?

त्यानंतर अक्कांचा कार्यक्रम ठरला की माझी झोप उडायची. त्या दिवशी सकाळी घास उतरायचा नाही. बायकोला वाटलं, साखर वाढली. रक्त तपासून आणलं, काही निघालं नाही. तिला काही सांगता येत नव्हतं. हॉलमध्ये जाऊन बसलो की तळहात ओले व्हायचे, रुमालानं कॅमेरा पुसत राहायचो. अक्का यायच्या, नमस्कार करायच्या आणि बसल्या बसल्या एकदा माझ्याकडं बघून घ्यायच्या. आंधळ्या माणसानं काठी आहे का हे चाचपून बघावं तसं. मग गाणं सुरू. मी एकही सूर ऐकत नव्हतो. मोजत होतो. दुसरा फोटो काढायची सोय नव्हती, कारण मधेच कॅमेरा उचलला तर त्या फसतील. तानेच्या वेळचा त्यांचा हात, मधूनच हसणं, सारं डोळ्यांसमोरून जायचं आणि मी मांडीवर कॅमेरा धरून बसलेला. त्या काळातले माझे सगळे फोटो सारखे आहेत. सगळ्यांत अक्का समेवर आहेत आणि सगळ्यांत त्यांची नजर थेट माझ्यावर आहे. लोक म्हणायचे, काय डोळे पकडलेत तुम्ही.

त्यांच्या साथीला जे जुने तबलजी असायचे, त्यांची एक लकब होती. दहाव्या मात्रेचं तिरकिट ते जरा ठासून वाजवायचे. मला त्याचा मोठा आधार होता. कारण एकतालात तिरकिट दोनदा येतं. एकदा चौथ्या मात्रेला आणि एकदा दहाव्या. दोन्ही सारखीच. मोजण्यात क्षणभर चूक झाली तर कुठलं कुठलं ते कळायला मार्ग नाही. जुने तबलजी ठासून वाजवायचे म्हणून मला कळायचं. तो त्यांचा हात तसा पडतो, एवढंच मी समजत होतो.

मग ते आजारी पडले आणि एका सकाळच्या बैठकीला त्यांच्या जागी एक तरुण तबलजी आला. राधानगरीकडच्या शेतकऱ्याच्या घरातला, लग्न झालेला, उचगावात भाड्यानं राहणारा. घरची दूधदुभत्याची कामं सांभाळून शिकलेला. अक्कांबरोबर वाजवायला मिळालं म्हणून नवा झब्बा शिवून आला होता, बाहीवर इस्त्रीची घडी दिसत होती. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, माजा एक झ्याक फोटो काढा की. आईला दावायचाय." मी म्हणालो, काढतो. अक्कांबरोबर असताना तो काढता येणार नाही हे मला ठाऊक होतं.

त्याचा हात फार गोड होता. ठेका साधा, स्वच्छ, एकसारखा. दोन्ही तिरकिटं अगदी सारखी, वाजवायला पाहिजेत तशी. मला पहिल्या आवर्तनातच धडकी भरली. मी बोटांच्या पेरांवर नखं रोवून मोजायला लागलो. तीन-चार आवर्तनं नीट गेली. पाचव्या की सहाव्या समेवर मी बटण दाबलं, कॅमेरा खाली घेतला, आणि माझ्या खांद्यावर हात पडला.

संस्थेचे सेक्रेटरी वाकून कानात म्हणाले, "काका, पावणं आलं. एक फोटो."

प्रमुख पाहुणे उशिरा आले होते. मागच्या दाराशी त्यांना फेटा बांधून, हातात नारळ देऊन उभं केलं होतं. सेक्रेटरींना वाटलं, काकांचा फोटो तर आत्ताच काढून झाला, आता मोकळे असतील. मी मानेनं नको म्हणालो. त्यांनी खांदा दाबला. मी बसल्या जागी वळलो, दोन खुर्च्यांच्या मधून तो फेटा आणि नारळ टिपला, परत वळलो. मात्रा सुटली होती. किती गेल्या? दोन? आठ? भ्यालेल्या माणसाला वेळ कळत नाही. मला वाटलं खूप वेळ गेला. तेवढ्यात तिरकिट वाजलं, आणि अक्का माझ्याकडंच बघत होत्या. मी कॅमेरा उचलला.

ते चौथ्या मात्रेचं तिरकिट होतं.

पुढचा बोल आला तेव्हाच मला कळलं. दहाव्या मात्रेनंतर जो बोल यायला पाहिजे तो नव्हता, 'तू' आला. मग 'ना'. विलंबितात हे दोन बोल म्हणजे भला मोठा वेळ. कॅमेरा खाली घ्यायला तो पुरेसा होता. पण अक्कांनी माझा हात वर गेलेला बघून समेवर आणणारा मुखडा उचलला होता, त्या समेकडं निघाल्या होत्या. कॅमेऱ्याच्या काचेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता, पूर्ण भरवशाचा. आता हात खाली घेतला तर त्या अधांतरी राहतील, आणि नाही घेतला तर चुकीच्या जागी उतरतील. मी काहीच केलं नाही. त्या उतरल्या आणि सवयीनं माझं बोट दाबलं गेलं.

तिथं तबल्याचा ठोका नव्हता. सातव्या मात्रेचा 'कत्' होता. डग्ग्यावर तळवा सपाट पडतो आणि आवाज मरतो, तो बोल. त्या मेलेल्या आवाजात माझा खटका आख्ख्या हॉलनं ऐकला.

गायक चुकला तर साथीदारानं चूक आपल्या अंगावर घ्यायची, ही आमच्याकडची रीत आहे. त्या तरुणानं एकदा अक्कांकडं बघितलं, आणि पुढच्याच श्वासाला त्या जिथं उतरल्या तिथंच सम धरून ठेका नव्यानं सुरू केला. अर्धं आवर्तन टाकून देऊन. ऐकणाऱ्याला वाटलं, तबलाच उडी मारून गेला. अक्कांना डग्गा घुमला नाही हे पोटात जाणवलं असेल, पण त्यांचा भरवसा माझ्यावर होता. त्या त्याच्याकडं वळल्या आणि माईकसमोरच म्हणाल्या, "बाळ, घरी मोजून येत जा."

लोक हसले. तो मान खाली घालून वाजवत राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, नव्या झब्ब्याची पाठ भिजली होती.

इथपर्यंतची चूक कुणाकडूनही झाली असती. पुढची माझी.

कार्यक्रम संपल्यावर अक्कांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. शाल खांद्यावर तशीच होती. दार लोटून, अगदी हळू, त्यांनी विचारलं. त्या न्यायाच्या होत्या, म्हणून विचारलं.

"तम्मा, तुम्ही बरोबर होता ना? पोरगं चुकलं ना?"

मी म्हणालो, "हो अक्का."

दोन शब्द. मला वाटलं, खरं सांगितलं तर उद्यापासून त्या मला समोर बसवणार नाहीत. आणि गाणंही सोडतील. गाणं सुटलं तर या बाईचं काय राहिलं, असा विचारही मनात आला, आणि तो खोटा नव्हता. पण पहिला विचार माझ्या जागेचा होता, स्टेजला लागून असलेल्या त्या सतरंजीचा.

कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं होतं, अक्का मुखडा उचलतात तिथपासून पुढचं. त्या आधीचं आवर्तन त्यात नव्हतं. दुपारपर्यंत ते गाण्याच्या सगळ्या ग्रुपवर फिरलं. खाली हसणारी तोंडं, 'तबलजी फेटा बघायला गेला' असले शेरे. अक्कांनी त्याला परत बोलावलं नाही. बाकीच्यांनीही हळूहळू सोडलं. साथीदाराला कुणी काढून टाकत नाही, त्याला नुसता फोन येत नाही.

माझा फोन मात्र वाजला की मी दचकायचो. तो असेल. त्याला कळलं असेल. कळंब्याच्या तळ्यावर मी सकाळी फिरायला जातो. एकदा समोर तो दिसला, दुधाचा टेम्पो रस्त्याकडेला लावून पाण्याकडं बघत उभा होता. "काका, बरं हाय न्हवं?" म्हणाला. मी हात वर केला आणि गुडघे दुखत असतानाही इतक्या भरभर पुढं गेलो की धाप लागली. त्यानं फोटो मागितला नाही. मला घरी येईपर्यंत तेच ऐकू येत होतं, न मागितलेलं.

अक्का त्यानंतर दोन-तीनदाच गायल्या. साथीला जुने तबलजी परत आले होते, त्यांचं तिरकिट ठासून पडत होतं. मग अक्का अंथरुणाला खिळल्या. मी भेटायला जायचो. सांगायचं ठरवून जायचो आणि कॅलेंडरकडं बघत बसून परत यायचो. त्यांना आता काहीच ऐकू येत नव्हतं, मोठ्यानं ओरडून सांगावं लागलं असतं, सगळ्या घराला ऐकू गेलं असतं. हे मला चांगलं निमित्त मिळालं होतं. एका सकाळी त्या गेल्या.

शोकसभेला फोटो काढायला मीच. सेक्रेटरी बोलायला उभे राहिले. अक्कांची लय, अक्कांचा दरारा, अक्कांचं मोठं मन. आणि मग म्हणाले, एकदा एक नवखा तबलजी भर बैठकीत सम विसरला. दुसऱ्या कुणी उठवून लावलं असतं. अक्का नुसत्या म्हणाल्या, बाळ, घरी मोजून येत जा! सभा असूनही लोक हसले, डोळे पुसत हसले. ती आता अक्कांची आठवण झाली होती. पुढं पन्नास वर्षं सांगितली जाईल अशी.

मी गर्दीचा फोटो घ्यायला कॅमेरा फिरवला आणि शेवटच्या रांगेत तो दिसला. हातात फुलांची पुडी. अजून वाहायची राहिलेली. तो हसणाऱ्या लोकांकडं बघत नव्हता. उजव्या हाताच्या अंगठ्यानं पेरं मोजत होता.

माझ्या हातातून कॅमेरा निसटला. गळ्यात पट्टा होता म्हणून वाचला.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मला वाटलं, रागावेल, रडेल. ती म्हणाली, "मग हितं कशाला बसलाय? जावा की त्याच्याकडं."

त्या सकाळचे फोटो मी पुसले नव्हते, बघितलेही नव्हते. संगणकावर काढले. प्रत्येक फोटोखाली कॅमेरा वेळ नोंदतो. समेचा फोटो, पुढच्या समेचा फोटो, त्याच्या पुढचा. मधलं अंतर सगळीकडं जवळपास सारखं. एकाच ठिकाणी निम्मं. एका समेचा फोटो, मग फेटा आणि नारळ, आणि निम्म्याच वेळात अक्का मुखड्यावर उतरलेल्या. त्या फोटोत तबलजीचा डावा हात स्पष्ट आहे. बाकीच्या सगळ्या फोटोंत मनगट टेकलेलं आणि बोटं फण्यासारखी उचललेली, समेला असतात तशी. या एकात तळवा सपाट. कत्. आवर्तन निम्मं झालेलं आणि हात सातव्या मात्रेवर. तो जिथं असायला पाहिजे तिथंच होता.

खाली वेळा छापून काढलेले प्रिंट पाकिटात घालून उचगावला गेलो. गल्ली सापडेपर्यंत दोनदा परत फिरायचा विचार केला. त्याच्या बायकोनं खुर्ची दिली, पाणी दिलं. तो गाडी धुऊन आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मी उभं राहूनच सांगायला लागलो, कारण बसलो असतो तर जमलं नसतं. अक्कांचे कान, माझा कॅमेरा, फेटा, तिरकिट, आणि ते 'हो अक्का'. शेवटी शेवटी मला माझाच आवाज येईना. तो मारेल असं मला वाटत होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानं प्रिंट घेतले, दारातल्या उजेडात नेऊन बघितले. एकामागून एक, मग परत पहिल्यापासून. सपाट तळव्याच्या फोटोवर थांबला आणि आपला डावा तळवा चौकटीवर तसाच सपाट टेकवला.

"म्हंजे मी बरोबर हुतो," तो म्हणाला.

मी हो म्हणालो. या वेळचा हो खरा होता.

मग तो बोलला ते मला वाटलं होतं त्यापेक्षा वाईट होतं. लोकांनी हसलेलं त्याला लागलं होतं, पण तेवढ्यानं त्यानं तबला सोडला नव्हता. ते मोबाइलवरचं चित्रण त्यानं इतक्या वेळा बघितलं की शेवटी त्याला स्वतःलाच वाटायला लागलं, ते दुसरंच तिरकिट असणार. अक्का कशा चुकतील? आपणच दहाव्या मात्रेला असताना चौथीच्या पुढचं वाजवलं असणार. "त्या दिवसापास्नं काका, वाजवाय बसलो की तिरकिट आलं की हात थांबतो. पैलं का दुसरं, कळतच न्हाय. भ्या वाटतं. मग बांधून माळ्यावर टाकला."

मी म्हणालो, सगळ्यांना सांगायला पाहिजे हे खरं, पण त्यात अक्कांच्या कानाचं येतं. त्यांनी ते कुणाला सांगायचं नाही म्हटलं होतं. त्या गेल्यावर त्यांचं नाव...

त्यानं प्रिंट पाकिटात नीट परत घातले आणि पाकीट माझ्या हातात दिलं. "अक्का गेल्या की काका," तो म्हणाला. "मी हाय अजून."

सेक्रेटरींना भेटलो. त्यांनी मला बसवून घेतलं, चहा मागवला, आणि मी सांगत असताना दोनदा दाराकडं बघितलं. गेलेल्या माणसाचं कशाला उकरून काढताय, म्हणाले, आणि तुमचंही वय झालंय, लोक तुम्हालाच नावं ठेवतील. ते पाहुण्यांच्या फोटोबद्दल काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. अक्कांच्या पहिल्या स्मृतिदिनाला सकाळी कार्यक्रम आहे, तिथं मला थोडं बोलायचं आहे, एवढंच सांगितलं. त्यांनी हो म्हटलं नाही, पण मला अडवतील असंही दिसलं नाही.

त्या सकाळी मी कॅमेरा न घेता हॉलमध्ये गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. हात कुठं ठेवावेत कळत नव्हतं. माईकपाशी उभा राहिलो तेव्हा समोरच्या सतरंजीवर माझी जागा रिकामी होती, आणि स्टेजवरून अक्का बघायच्या तशी सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. पण सांगितलं. मधेच कुणीतरी मागून "बसा खाली" म्हणालं. दोन-चार जण उठून गेले. अक्कांची सून पदर तोंडाला लावून बसली होती, तिच्याकडं बघायचं मी टाळलं. बोलून झालं. मला वाटलं, माझ्या शब्दावर कुणी विश्वास ठेवलाच नाही. मी पाकीट हातात धरून तसाच उभा.

पहिल्या रांगेतून जुने तबलजी उठले. काठी टेकत स्टेजपाशी आले, पाकीट मागून घेतलं, चष्मा बदलला. प्रिंट बघितले, खालच्या वेळा बोट ठेवून वाचल्या. मग माईक आपल्याकडं ओढला.

"कत्," ते म्हणाले. "पोरगं बरोबर होतं."

आणि थोडं थांबून, लोकांना नाही तर मला, म्हणाले, "दहाव्याचं तिरकिट मी उगंच ठासत नव्हतो. मला वाटलं होतं, ऐकू येत असेल त्यांना तेवढं तरी." नव्या मुलाला ते का सांगून ठेवलं नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. ते काठी टेकत जागेवर जाऊन बसले आणि मान खाली घालून बसून राहिले. मला त्यांचं काय चाललंय ते कळत होतं.

तरुण तबलजी त्या दिवशी आला नव्हता. दुधाची फेरी होती म्हणे. मला वाटतं, भीतीही असेल. संस्थेनं नंतर त्याला फोन केला, पुढच्या बैठकीला साथ कराल का म्हणून. त्यानं बघतो म्हटलं आणि ठेवला. मग मला फोन केला.

"काका, तबला खाली काढलाय. या यकदा. पर कॅमेरा घरातच ठिवून या."

गेलो. जमिनीवर घोंगडं टाकलं होतं. तबल्याची चामड्याची वादी ताणून घेतलेली, वरची पुडी नवी. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी. तो माझ्याकडं बघत नव्हता आणि मला कुठं बघावं कळत नव्हतं. त्यानं विलंबित एकताल सुरू केला. पहिली मात्रा, दुसरी. मी माझ्या नकळत पेरांवर मोजायला लागलो. तिसऱ्या मात्रेला त्याच्या कपाळावर घाम दिसला आणि माझे तळहात ओले झाले.

चौथ्या मात्रेला तिरकिट आलं. त्याचा हात तिथं अडखळला, थांबला.

"पैलं," तो स्वतःशीच म्हणाला. मग मान वर करून मला विचारलं, "व्हय न्हवं, पैलंच?"

"पहिलंच," मी म्हणालो.

त्यानं परत सुरुवातीपासून धरलं.